विचारा, पण हळू!

प्रश्न : घरी बसून लिहिता म्हणजे निवांत शांतता असणार. हेवा वाटतो बाई तुमचा!
– एक बँक कर्मचारी

उत्तर : हेवा ताबडतोब मागे घ्या. लंडनमधल्या चेल्सी भागात राहणारा इतिहासकार टॉमस कार्लाइल शेजारचे कोंबडे आणि पियानो यांना इतका वैतागला होता, की १८५३ मध्ये त्याने घराच्या अगदी वरच्या मजल्यावर आवाज न शिरणारी खोली बांधायला काढली. दुहेरी भिंती, उजेडाला छतात काच, सगळा थाट. खोली झाली, पैसे गेले, आवाज काही जायला तयार नव्हता. कोंबड्यांचं प्रकरण शेजाऱ्यांशी बोलून मिटवलं ते त्याच्या बायकोने, जेनने. ती स्वतः फर्मास पत्रं लिहायची. तिच्यासाठी मात्र कुणी दुहेरी भिंत बांधल्याचं ऐकिवात नाही.

आमच्याकडे एकेरी भिंती आणि एक दार आहे. दमट हवेत ते फुगतं, मग नीट लागत नाही. अर्धवट लोटलेलं दार दिसलं की घरातला प्रत्येक जण आत डोकावून ‘तू लिहितेयस का?’ असं विचारतो आणि ‘हो’ म्हटलं की ‘मग राहू दे’ म्हणून तिथेच उभा राहतो. बरं, घर खरंच शांत झालं तर मला एक ओळ सुचत नाही. लहान मूल असलेल्या घरात शांतता म्हणजे कुणीतरी काहीतरी उघडतंय. परवा अशीच दहा मिनिटं शांततेत गेली म्हणून उठून बघितलं, तर कात्री पलंगाखाली, बाहुली टकली आणि चिरंजीव तिला आरसा दाखवताहेत.

प्रश्न : लिहायला बसलात की घरचे तुम्हाला कामं तर सांगत नाहीत ना?

उत्तर : लिहिताना नाही सांगत. कीबोर्डची टकटक चालू असेपर्यंत सगळे चवड्यांवर चालतात. पंचाईत होते ती टकटक थांबल्यावर. लिहिण्यातला निम्म्याहून जास्त वेळ खिडकीबाहेर बघण्यात जातो, आणि खिडकीबाहेर बघत बसलेली बाई घरच्यांच्या लेखी रिकामी असते. लगेच मांडीवर वाळलेले कपडे येऊन पडतात. म्हणून हल्ली विचार करायचा असला की मी नुसतंच ‘कखगघ कखगघ’ बडवत बसते. अशी पुष्कळ पानं साठली आहेत. काहींना लयसुद्धा बरी आहे.

प्रश्न : तुम्हाला एवढं सुचतं तरी कधी?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : हात ओले असताना. हमखास. कागद-पेन समोर मांडून बसलं की डोकं संपावर जातं आणि कोपरापर्यंत साबण लागला की वाक्यंच्या वाक्यं येऊ लागतात. मध्यंतरी कपडे धुताना मोज्यांवर एक झकास वाक्य सुचलं : ‘धुलाई यंत्रात जोडीने गेलेले मोजे बाहेर येताना घटस्फोट घेऊनच येतात.’ बाहेर पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांना ओरडून सांगितलं, ‘बाबा, तेवढं लिहून ठेवता का?’ त्यांनी लगोलग लिहून ठेवलं. हात पुसून येऊन बघते तर वळणदार अक्षरात मजकूर असा : ‘विषय : मोजे. धुलाईपश्चात सदर जोडीपैकी एक नग आढळून येत नाही. योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर.’ खाली तारीख आणि सही.

बाबांची हयात सरकारी कचेरीत गेली. मी माझं वाक्य खोडलं आणि त्यांचं छापायला दिलं. त्या लेखाला आलेल्या पत्रांत सगळ्यांनी नेमकं त्याच वाक्याचं कौतुक केलंय. ती पत्रं बाबांनी फाइलला लावली आहेत.

प्रश्न : गेल्या अंकात तुमचं सदर नव्हतं. तब्येत बरी आहे ना?

उत्तर : ठणठणीत. लॅपटॉप लेकीच्या शाळेच्या प्रकल्पाला गेला होता. विषय होता ‘वेळेचं नियोजन’. प्रकल्प सादर करायची तारीख तिला आदल्या रात्री आठवली. १९३६ मध्ये अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकच्या कुत्र्याच्या पिल्लाने कादंबरीचं निम्मं हस्तलिखित फाडून टाकलं. दोन महिन्यांचं काम, दुसरी प्रत नाही. त्यावर, बिचाऱ्याने कदाचित समीक्षा केली असेल, असं स्टाइनबेकने पत्रात लिहून टाकलं. आमच्याकडे कुत्रा नाही. संपादकांना सांगायला इतकं भारदस्त कारण मी कुठून आणू?

प्रश्न : घरच्यांवर इतकं लिहिता, कुणी चिडत नाही?

उत्तर : चिडतात ना, ज्याच्यावर लिहिलं नाही तो! लेकीची अट एकच, तिचं वय छापायचं नाही. यजमान आधी ‘मी असं कधी म्हणालो?’ म्हणून तणतणतात आणि पाहुणे आले की तोच किस्सा स्वतःच पदरचं घालून सांगतात. मी मूळ लेख काढून दाखवला, तर म्हणाले, ‘तुझ्यात रंगला नाहीये.’

प्रश्न : तुमचे मिस्टर तुमचं लिखाण वाचतात का हो?
– एक समदुःखी

उत्तर : अगदी मन लावून. ही उत्तरंसुद्धा काल रात्री त्यांना वाचायला दिली. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, कागद घडी करून परत दिले आणि म्हणाले, ‘प्रश्न फार छान आहेत.’