एपीआयमध्ये (औषधाच्या मूळ घटकाच्या पावडरमध्ये) पावसाळ्यात काळे कण दिसतात. खाऱ्या हवेचा गंजच असेल ना? एफटीआयआरवर कळेल का?

'गंजच असेल ना' वाचलं आणि उत्तर द्यायला बसलो. कोकणातल्या कारखान्यांत, लोटे असो, महाड असो की रोहा, काळा कण दिसला की पहिला आरोपी खारी हवा. डेव्हिएशनमध्ये (बिघाडाच्या नोंदीत) 'गंज' लिहायचं, माल पुन्हा चाळायचा आणि मोकळं व्हायचं.

एफटीआयआर म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशानं पदार्थ ओळखणारं यंत्र, त्यावर धातू कळत नाही. गॅस्केटचा तुकडा, सेंट्रिफ्यूज बॅगेचा पॉलिप्रॉपिलीनचा धागा यांसाठी तो उत्तम, तोही मायक्रोस्कोप जोडलेला. कण केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये) कुटू नका. हाती एकच असतो. कार्बन भरलेल्या काळ्या रबराला जर्मेनियमचा एटीआर (कण ज्यावर दाबतात तो क्रिस्टल) लागतो, हिऱ्याच्या क्रिस्टलवर बेसलाइन वाकडी येते.

लोट्यातली एक केस सांगतो. रेणूत सल्फर असलेलं एपीआय, मल्टिमिलनंतर (पावडर दळायच्या यंत्रानंतर) १०० ते २०० मायक्रॉनचे काळे ठिपके. कण चुंबकाला चिकटला, म्हणून गंज किंवा साधं लोखंड असा निकाल झाला. अहो, ३०४ स्टेनलेस स्टील घासलं, ठोकलं गेलं की तेही चुंबकाला ओढलं जातं! चुंबक हा पुरावाच नाही.

एसईएम-ईडीएसमध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखतात त्यात) लोह, क्रोमियम, निकेल आले. ऑक्सिजन नावापुरता, क्लोरीन नाही. गंजात ऑक्सिजन भरपूर दिसायला हवा. पण रिपोर्टात मॉलिब्डेनमही होतं, ते ३१६एल स्टीलमध्ये असतं, ३०४मध्ये नसतं, त्यामुळे गाडी ३१६एलच्या रिअॅक्टरकडे वळली. यावरून झालेला वाद मला आजही बोचतो. मॉलिब्डेनमची एक्स-रे रेषा २.२९ केईव्हीला, सल्फरची २.३१ला, ईडीएसला ती दोन वेगळी करता येत नाहीत. कण पावडरमधून सुईनं उचलून न धुताच ठेवला होता, अंगावर औषध तसंच.

मग १० ग्रॅम पावडर मिथेनॉलमध्ये विरघळवून ०.८ मायक्रॉनच्या पॉलिकार्बोनेट मेम्ब्रेनवर गाळली, वर आणखी मिथेनॉलनं धुतली. तिरक्या प्रकाशात कण चकाकले, अंगावर समांतर ओरखडे. सुईनं दाबल्यावर वाकले. गंजाचा भुगा होतो. ईडीएसमध्ये २.३चं शिखर गायब. ३० केव्हीवर मॉलिब्डेनमची दुसरी, १७.४ची रेषाही नाही. म्हणजे ३०४. मिलच्या जाळीवर पीएमआय गन (धातूचा प्रकार जागीच सांगणारं यंत्र) लावली: ३०४. कागदावर मात्र ३१६एल! दमट हवेत पावडर जाळीत चोंदत होती, जाळी वाकून पात्यांना घासत होती. पावसाळ्याचा संबंध होता तो एवढाच.

तरी गंज कधीच नसतो असं नाही. समुद्राजवळ क्लोराइडमुळे ३०४ला खड्डे पडतात, ट्रे ड्रायरच्या वेल्डपाशी आधी बघा. कण काळा पण ईडीएसमध्ये जवळपास नुसता कार्बन आला, तर स्पार्कलर फिल्टरमधून निसटलेला रंग काढायचा कोळसा, मेकॅनिकल सीलची कार्बन फेस आणि जळकं प्रॉडक्ट तपासा. इंजेक्शनचा प्रश्न असेल तर लाइट ऑब्स्क्युरेशन कण मोजतं, ओळखत नाही.

आणि हो, प्रत्येक वेळी नुसतं मिथेनॉल तसल्याच मेम्ब्रेनमधून गाळून ब्लँक (तुलनेसाठी कोरा नमुना) ठेवा. प्लांटमधल्या प्रत्येक गॅस्केटचा, बॅगेचा, जाळीचा तुकडा आणि त्याचा स्पेक्ट्रम आधीच जमवून ठेवा. कण सापडल्यावर स्टोअरमध्ये शोधत बसलात तर जुनी जाळी भंगारात गेलेली असते.