तिला ग्राउंडवरून उठवू नका

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पंधराशे मीटरला स्टेटचं गोल्ड आणलेली पोरगी, पेठ रोडला अ‍ॅक्सिडेंट झाला आणि उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, आठ महिने झाले ती घराबाहेर पडत नाही, मेडल्स पोत्यात भरून माळ्यावर टाकलीत, आणि तुम्ही विचारताय की बँकेच्या क्लासला घालू का, म्हणजे एकदाची मार्गी लागेल.

तुमची घाई कळते मला. पण शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात ना, की पहाटे पाचला तिला अजून जाग येते, ओट्यावर बसून ती धाकट्या भावाचा टाइम मोबाईलवर लावते आणि दुसऱ्या चकरेला खांदे आवळतोस म्हणून त्याच्यावर ओरडते, माझं मन तिथंच अडकलं. खांदे आवळले की दम लवकर जातो हे एकोणिसाव्या वर्षी किती जणांना दिसतं हो? ही कोचची नजर आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 ला दिल्लीत कॉमनवेल्थमध्ये 10,000 मीटरला ब्राँझ आणलं, आपल्या पाड्यांवरच्या पोरींना पळायची हौस आहेच, त्यांना शिकवणारी बाई हवीय. पतियाळाच्या एनआयएसला, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, कोचिंगचे कोर्स असतात, तोवर आपल्या मुक्त विद्यापीठातून घरी बसून बीए करू दे.

आणि खेळायचं असेल तर तोही रस्ता बंद नाही. सोनिपतचा सुमित अंतिल आधी कुस्ती खेळायचा, 2015 ला बाईक अ‍ॅक्सिडेंटमध्ये पाय गेला, मग भाला हातात घेतला आणि टोकियो, पॅरिस दोन्ही पॅरालिम्पिकला गोल्ड. पण हे उदाहरण लगेच तिच्या तोंडावर मारू नका, तिची पळायची सवय गेलीय, त्याचं रडणं आधी होऊ दे. पळण्यासाठीचा ब्लेड, म्हणजे पळायचा कृत्रिम पाय, वेगळा असतो, महाग असतो, रोजच्या कृत्रिम पायावर नीट चालता आलं की मगच डॉक्टरांना विचारायचं.

एक काम मात्र याच आठवड्यात करा, दिव्यांग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरा, मग तपासणीला सिव्हिलला जावं लागेल. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलं की सरकारी नोकरीत 4 टक्के आणि सरकारी कॉलेजात 5 टक्के राखीव जागांसाठी ती पात्र होते. बँकेची परीक्षा उद्या तिला स्वतःला द्यावीशी वाटली तरी हेच कार्ड लागणारे.

शनिवारी या, पण तिला घेऊन या, तुम्ही एकटे नको. भावाचे टाइम ती कुठे लिहून ठेवत असेल तर ती वहीपण आणायला सांगा, मला बघायचीय.