३५० सीसी गाडीवर दोघं बसलो की मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर खड्ड्यात आपटतात. गॅसचे घेऊ का?

आधी जुन्या शॉकच्या नळीवरून बोट फिरवा. तेलकट लागलं तर सील गेलंय. नवे घेताना शॉकला जोडलेल्या गॅसच्या डब्याला भुलू नका, दिसतो झकास, पण खरा प्रश्न स्प्रिंगचा. तुमच्या दोघांच्या वजनाला कुठली स्प्रिंग लागेल हे दुकानदाराला सांगता येत नसेल तर दुसरं दुकान बघा. लांबी मूळ शॉकइतकीच हवी, वरच्या बुशच्या (टोकाच्या भोकातल्या रबरी नळकांड्याच्या) मध्यापासून खालच्या बुशच्या मध्यापर्यंत.

बसवल्यावर टेप घ्या. मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी असताना, अ‍ॅक्सलपासून सरळ वर सीटपर्यंतचं अंतर मोजा. मग गाडी उतरवा, दोघं बसा, तिसऱ्याला पुन्हा मोजायला सांगा. चाकाच्या वर-खाली एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के फरक आला की जमलं. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी रिंग, पिळून स्प्रिंग कडक होत नाही हं, गाडी फक्त उंच बसते.