केस पेपरवर दारूचं काय लिहायचं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे मिस्टर मालवणात ट्रॉलरवर खलाशी आहेत. जेटीवर पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं म्हणून ॲडमिट केलं. नर्सने दारूचं विचारलं तेव्हा सासूबाई बोलल्या, "कधीतरी घेता, रोज नाय." खरं तर रोजची क्वार्टर ठरलेली. तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, पलंगावर किडे फिरतायत म्हणायला लागले, सलाईन ओढून काढली. आता डिस्चार्ज कार्डवर 'अल्कोहोल विथड्रॉवल डिलिरियम' लिहिलंय. मेडिक्लेम नाकारतील, गावात कळेल, असं घरचे म्हणतात. ते वाक्य काढून घेता येईल का?

उत्तर : ताई, काढायला सांगू नका, कारण पुढच्या वेळी त्यांना ॲडमिट करायची वेळ आली तर तेच वाक्य त्यांचा जीव वाचवेल. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की काही तासांत थरथर, घाम, झोप उडणं सुरू होतं, फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो आणि भ्रम म्हणजेच डिलिरियम, किडे दिसणं हे बहुतेक ४८ ते ९६ तासांच्या मधे येतं. म्हणून तुमच्याकडे तिसरी रात्र. वेळेत आवरलं नाही तर माणूस यात जातोसुद्धा. 'कधीतरी' ऐकल्यावर डॉक्टरांचं तिकडे लक्षच गेलं नसणार, आणि 'रोज एक क्वार्टर, शेवटची काल रात्री ९ वाजता' एवढं कळलं असतं तर पहिल्याच दिवसापासून लक्ष ठेवून औषधं आणि थायमिन म्हणजे बी१ चं इंजेक्शन सुरू करता आलं असतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्क्यांची व्हिस्की-रम असेल तर साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल रोज पोटात. हे कमी नाही. सासूबाईंना दोष देऊ नका, आपल्याकडे वॉर्डात चार ओळखीचे लोक उभे असताना नर्स मोठ्याने विचारते, मग कोण खरं सांगणार? हा प्रश्न पडदा ओढून, हळू आवाजात विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता क्लेमचं. बऱ्याच पॉलिसींत 'एक्सक्ल १२' म्हणून कलम असतं, दारू-ड्रग्जच्या व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम यांचा खर्च मिळणार नाही असं. दुसऱ्या बाजूला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात, आणि कलम २१(४) सांगतं की मानसिक आजाराला विमा शारीरिक आजारासारखाच द्यायचा. म्हणजे भांडायला जागा आहे. पण तुमच्या केसमध्ये मुख्य खर्च हाडाच्या ऑपरेशनचा आहे. डॉक्टरांना एवढंच विनंती करून सांगा की फ्रॅक्चर कसं झालं ते वेगळं लिहा, डिलिरियम ॲडमिशननंतर कितव्या दिवशी सुरू झाला ते वेगळं लिहा, दोन्ही एका ओळीत कोंबू नका. पडताना ते प्यायलेले होते की नव्हते, जे डॉक्टरांना तपासात दिसलं तेच राहू दे, तिथे बदल मागू नका. त्याच कायद्याच्या कलम २५ खाली या मानसिक आजाराच्या उपचाराचे कागद बघायचा हक्क पेशंटला आहे आणि कलम २३ खाली गुप्ततेचाही, म्हणजे गावात कळेल याची भीती असेल तर ते कलम डॉक्टरांना दाखवा. क्लेम नाकारलाच तर कारण लेखी घ्या, आधी कंपनीच्या तक्रार विभागात द्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल.

आणि प्लास्टर निघायची वाट बघू नका, व्यसनाचे उपचार आत्ताच विचारा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न : मी कुडाळहून घरून अमेरिकन चार्ट कोड करते, म्हणजे तिकडच्या पेशंटचे केस पेपर वाचून आजारांचे ठरलेले कोड लावते. एका चार्टमध्ये हिस्ट्रीत 'अल्कोहोल अब्यूज', असेसमेंटमध्ये 'अल्कोहोल डिपेंडन्स, दोन वर्षं सोबर'. टीम लीड म्हणतात सरळ एफ१०.२१ टाक, म्हणजे 'डिपेंडन्स, इन रिमिशन'. दुसऱ्या चार्टमध्ये फक्त 'ईटीओएच (अल्कोहोल) पॉझिटिव्ह'. काय करू?

उत्तर : अब्यूज (घातक वापर) आणि डिपेंडन्स (व्यसन जडणं) दोन्ही लिहिले असतील तर गाइडलाइनप्रमाणे फक्त डिपेंडन्सचा कोड जातो, म्हणजे एफ१०.२ ची रांग, तिथे वाद नाही. अडचण शेवटच्या १ ची आहे, तो 'इन रिमिशन' म्हणजे व्यसन आता आटोक्यात आहे असं सांगतो. हा प्रोव्हायडरचा, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरचा, क्लिनिकल निर्णय आहे, दोन वर्षं प्यायला नाही हे वाचून कोडरने ठरवायचं नसतं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात दारूच्या व्यसनाचे ११ निकष आहेत, क्रेव्हिंग (तलफ) सोडून त्यातला एकही ३ महिने नसेल तर अर्ली आणि १२ महिने नसेल तर सस्टेन्ड रिमिशन, पण हे निकष तपासणार डॉक्टर. तर डॉक्टरला क्वेरी (लेखी प्रश्न) टाक, आणि क्वेरीत उत्तर सुचवू नकोस. 'सध्याची स्थिती कृपया स्पष्ट करावी' लिहून पर्याय दे : ॲक्टिव्ह, अर्ली रिमिशन, सस्टेन्ड रिमिशन, इतर, सांगता येत नाही. लीडला मेलवर विचार, तोंडी नको. दुसऱ्या चार्टमध्ये व्यसनाचा कोडच लागत नाही, 'ईटीओएच पॉझिटिव्ह' ही टेस्ट आहे, डायग्नोसिस नाही, आणि नुसता 'यूज' असला तरी त्याने कुठला आजार झालाय असं प्रोव्हायडरने जोडून लिहिल्याशिवाय एफ१०.९ लावत नाहीत. माइल्ड अल्कोहोल यूज डिसऑर्डर लिहिलं तर एफ१०.१०, मॉडरेट किंवा सिव्हियर असेल तर एफ१०.२०, हे भिंतीवर चिकटवून ठेव. अजून एक, व्यसनमुक्ती प्रोग्रॅमच्या रेकॉर्डना तिकडे हिपा या आरोग्य माहितीच्या गुप्ततेच्या कायद्याखेरीज ४२ सीएफआर पार्ट २ हा वेगळा कडक नियमही आहे, त्यामुळे डाउट विचारायला चार्टचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात टाकू नकोस.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यात उपकेंद्रावर एएनएम (नर्स) आहे. बायका मशेरी लावतात, पण 'तंबाखू खाता का' विचारलं की नाही म्हणतात. कार्डावर काय लिहू?

उत्तर : त्या खोटं बोलत नाहीत, त्यांच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासणं. म्हणून थेट विचारा, "मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा, सकाळी उठल्यावर किती वेळात लागते?" भाजलेली असली तरी तंबाखूच ती, निकोटीन तोंडातून रक्तात जातंच, आणि गरोदरपणात बाळाचं वजन कमी राहणं, दिवस भरायच्या आधी बाळंत होणं याच्याशी बिनधुराच्या तंबाखूचा संबंध आहे. कार्डावर 'मशेरी, दिवसातून ४ वेळा, १० वर्षांपासून' असं शब्दात लिहा, नुसतं 'तंबाखू : हो' नको. व्यसन आहे का ते मेडिकल ऑफिसर ठरवतील, तसं त्यांनी लिहिलं तर तंबाखूच्या व्यसनाचा कोड एफ१७.२, नाहीतर तंबाखूच्या वापराचा झेड७२.०. पुढच्या व्हिजिटला चारची दोन वेळा झाली असेल तर तेही तारखेसकट लिहा, आणि त्या बाईला ते दाखवा.