बनवारीलाल पुरोहित नागपूरचे खासदार होते ते काँग्रेसकडून की भाजपकडून?

दोन्हींकडून. १९८४ आणि १९८९ ला ते काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले, १९९६ ला भाजपच्या. निवडणूक आयोगाच्या निकालांत तिन्ही विजयांची नोंद आहे. त्यातला १९९६ चा खरा मोठा. संघाचं मुख्यालय याच शहरात, तरी नागपुरातून भाजपचा खासदार तोवर एकदाही झाला नव्हता, हे आज कुणाला पटकन पटत नाही. मात्र पक्ष बदलला आणि जागा खिशात आली, असं झालं नाही. १९९१ ला पुरोहित भाजपकडून लढले, तेव्हा दत्ता मेघे यांनी त्यांना हरवलं. २००४ ला तर ते स्वतःच्या विदर्भ राज्य पार्टीकडून उभे राहिले, तेव्हाही पडले. राज्यपालपदं (आसाम, तामिळनाडू, पंजाब) त्यानंतरची, २०१६ पासूनची.