एसटीच्या गाड्या: नावे आणि रंग सोडून बांधणीकडे पाहिले तर

आपण विचारले आहे की लहानपणी पाहिलेली लाल-पिवळी एसटी, मग एशियाड, परिवर्तन, शिवशाही, ई-शिवाई असा हा बदल नेमका कोणत्या क्रमाने झाला आणि त्यातला खरा बदल कोणता. क्रम सांगतोच, पण माझ्या मते गाडीचे नाव आणि रंग यांपेक्षा तिची बॉडी कशाची होती आणि ती कोणी बांधली, हे पाहिले म्हणजे एसटीचा इतिहास अधिक नीट कळतो.

पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा ताफ्यात ३६ बेडफर्ड गाड्या होत्या. बॉडी लाकडी, आसने काथ्याची आणि रंग निळा-चंदेरी. राज्याने प्रवासी वाहतूक हाती घेतली त्या सुरुवातीच्या वर्षांत शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडॉन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या एकाच वेळी रस्त्यावर होत्या. प्रत्येक बनावटीचे सुटे भाग वेगळे, त्यामुळे आगारातल्या यांत्रिकाचे काम किती अवघड असेल याची कल्पना करता येते. मॉरिस कमर्शियलच्या चॅसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बांधलेल्या ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ या दोन आराम गाड्या १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुणे–महाबळेश्वर मार्गावर आल्या. त्यांत दोन-दोनची आसने, पडदे, घड्याळ आणि हिरवट काचा होत्या.

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा व विदर्भ यांच्या वाहतूक सेवा मुंबई राज्याच्या महामंडळाकडे आल्या. मराठवाड्याला निजामाच्या राजवटीतला वारसा होता, तिथे १९३२ मध्येच २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली होती. नागपूरकडे मध्य प्रांताची स्वतंत्र सेवा होती. याच वर्षाच्या आगेमागे लाकडी बॉडी जाऊन पूर्ण धातूची बॉडी आणि गादीची आसने आली. पोलाद गंजते, म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियम वापरात आले आणि निळ्याऐवजी लाल रंगही आला. आज ज्याला आपण ‘एसटीचा रंग’ म्हणतो, तो जन्मापासूनचा नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

यानंतरचा सुमारे पाच-सहा दशकांचा काळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या काळात एसटी आपल्या बहुतेक गाड्या स्वतः बांधत होती. टाटा किंवा अशोक लेलँड यांच्याकडून केवळ चॅसिस यायची, म्हणजे इंजिन, चाके, स्टिअरिंग आणि खालचा सांगाडा. खांब, छप्पर, पत्रा, खिडक्या, आसने आणि रंग हे सारे दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) आणि हिंगणा (नागपूर) येथील महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळांत होत असे. गाडी जिथे बांधली तिथेच तिची नोंदणी होत असल्याने, अलीकडच्या काळातल्या गाड्यांपुरते बोलायचे तर एमएच-१४ म्हणजे दापोडी, एमएच-२० म्हणजे चिकलठाणा आणि एमएच-४० म्हणजे हिंगणा, असे क्रमांकाच्या पाटीवरून ओळखता येते. सिंधुदुर्गातल्या एखाद्या आगारात एमएच-२० ची गाडी उभी दिसली, तर ती संभाजीनगरहून आलेली नसून फक्त तिथे बांधलेली असते. गाड्यांची आवड असलेल्यांनी ही खूण आवर्जून लक्षात ठेवावी.

१९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी निमआराम वर्ग अस्तित्वात आला आणि लोकांनी त्या गाडीला ‘एशियाड’ हे नाव देऊन टाकले. महामंडळाने पुढे ‘हिरकणी’ हे नाव दिले, तरी दादर–पुणे प्रवास करणाऱ्या पिढीच्या तोंडी एशियाडच राहिली. शिवनेरी ही या शतकाच्या सुरुवातीची. मागे इंजिन आणि हवेच्या स्प्रिंगांवर तोललेली व्होल्वो द्रुतगती मार्गावर आली, तेव्हा एसटीचा प्रवास इतका शांत असू शकतो हे अनेकांनी प्रथमच अनुभवले. साध्या गाड्यांत परिवर्तनने तीन-दोनऐवजी दोन-दोनची आसने आणली.

ॲल्युमिनियमची बॉडी हलकी असते आणि गंजत नाही, पण वर्षे सरली की पत्रे जोडणारे रिव्हेट सैल होतात आणि खराब रस्त्यावर सारी गाडी खडखडू लागते. तो आवाज आपल्या आठवणीतला असला, तरी अपघातात तो पत्रा चुरगळतो आणि फाटतो, ही गोष्ट आठवणींपेक्षा मोठी आहे. म्हणून गेल्या दशकाच्या उत्तरार्धात माइल्ड स्टीलची, म्हणजे सौम्य पोलादाची, बांधणी सुरू झाली आणि चांगल्या स्थितीतल्या जुन्या चॅसिसवरही कार्यशाळांनी नव्या पोलादी बॉडी चढवल्या. विठाई गाड्याही त्याच काळातल्या. माझ्या दृष्टीने हा एसटीच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत योग्य निर्णय आहे.

२०१७ मध्ये वातानुकूलित शिवशाही आली आणि तिच्यातल्या बऱ्याच गाड्या भाडेतत्त्वावर घेतलेल्या होत्या. गाडी खासगी मालकाची आणि वाहक एसटीचा, ही पद्धत तिच्यामुळे राज्यभर पोहोचली. २०१९ मध्ये ३० आसने आणि १५ शय्या असलेली विनावातानुकूलित शयन-आसनी गाडी आली. १ जून २०२२ रोजी, म्हणजे पहिल्या फेरीच्याच तारखेला आणि त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर, विजेवरची ई-शिवाई सुरू झाली. २०२३ मध्ये ई-शिवनेरी आली. २०२४ मध्ये अशोक लेलँडला २१०४ डिझेल गाड्यांची मागणी दिली गेली, आणि त्या चॅसिस नसून तयार बांधलेल्या गाड्या आहेत.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की लाकडाकडून धातूकडे आणि डिझेलकडून विजेकडे होणारे बदल प्रत्येक वाहतूक सेवेत होतात, पण कार्यशाळेत गाडी बांधण्याकडून ती तयार किंवा भाड्याने घेण्याकडे झालेला बदल हा एसटीच्या स्वभावातला बदल आहे. तयार गाडी लवकर मिळते आणि ताफा झपाट्याने घटत असताना ती घेणे आवश्यकही होते, हे मी मान्य करतो. मात्र कोकणातल्या घाटाला, तिथल्या पावसाला आणि विदर्भातल्या उन्हाला कोणता सांधा आधी सुटतो, हे त्या तीन कार्यशाळांतल्या कामगारांना हाताने ठाऊक आहे. नव्या गाड्यांचे आराखडे ठरताना त्यांना विचारले जावे, असे मला मनापासून वाटते.