पेटीच्या मागून : तानपुरा ऐकू येतोय का?

प्रश्न : काकू, डिसेंबरात एका सभागृहात शास्त्रीय गायन ऐकलं. गायिका तयारीची होती, पण घरी आल्यावर झोपेपर्यंत कानात गुंई-गुंई होत होतं. सोबतचे म्हणाले, "मोठ्या हॉलात असंच असते." खरंच असंच असतं का?
– एक वाचक, महाल

उत्तर : नाही हो. त्या संध्याकाळी मीही तिथंच होते, बाराव्या रांगेत, आणि तुमच्याइतकीच अस्वस्थ होऊन घरी आले. तीस वर्षं पेटीची साथ केली, म्हणून हा आवाज कसा चढत जातो ते मला मंचावरून माहीत आहे. तबलजीला स्वतःचा डग्गा ऐकू येत नाही, तो मॉनिटरकडे, म्हणजे मंचावरच्या कलाकारांसाठीच्या स्पीकरकडे, बघून 'वाढवा' म्हणून बोट वर करतो. डग्गा वाढला की गायिकेला आपला षड्ज, म्हणजे 'सा', त्यात बुडाल्यासारखा वाटतो, मग ती बोट वर करते. मग पेटीवाली. मी स्वतः किती वेळा केलंय हे! मंचावरचा आवाज असा वाढला की तो पुन्हा माइकमध्ये शिरतो, शिट्टी वाजते आणि ती थांबवायला साऊंडवाला पहिल्यांदा मागच्या तानपुऱ्यांचा माइक खाली आणतो. ज्याच्या आधारानं सगळं उभं राहायचं, तोच जातो. उरतो नुसता दणका.

त्या दिवशी मला दुसरंही एक दुःख झालं. कार्यक्रमाची वेळ साडेपाच. बाई मारवा, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळचा राग, गाणार, हे ग्रीनरूममध्ये ठरलेलं होतं. दोन्ही तानपुऱ्यांच्या पहिल्या तारा निषादात, म्हणजे 'नी'मध्ये, लावून ठेवल्या होत्या, कारण एरवी त्या पंचमात, म्हणजे 'प'मध्ये, लावतात आणि मारव्यात पंचम नाहीच. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य मावळतो साडेपाचच्या सुमारास, म्हणजे वेळ अगदी जुळलेली. पण दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं, सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. पडदा उघडला तेव्हा सात वाजून गेले होते. बाईंनी मंचावर बसल्या बसल्या निषादाच्या तारा उतरवून पंचमात आणल्या आणि रात्रीचा राग यमन धरला. यमन सुरेख झाला. पण त्या तारा उतरताना बघून माझ्या पोटात कालवलं.

तुम्ही काय करायचं? भोंग्यांसमोरच्या पहिल्या रांगा सोडा, साऊंडवाल्याच्या टेबलाजवळ बसा. तो जे ऐकतो तेच तुम्हाला ऐकू येईल. मध्यंतरात त्याच्याकडे जा, पण "आवाज कमी करा" म्हणू नका. पाच मिनिटांनी दुसरं कुणी येऊन "वाढवा" म्हणतं, तो बिचारा कुणाचं ऐकणार? "तानपुरा ऐकू येत नाही, दादा" असं म्हणा. तानपुरा ऐकू यावा म्हणून त्याला बाकीचं आपोआप खाली आणावं लागतं. आणि आयोजक हे वाचत असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : सत्कार मध्यंतरानंतर ठेवा. संधिप्रकाशाचे राग थांबत नाहीत.

प्रश्न : गायक वसंतराव देशपांडे यांच्यावरचा 'मी वसंतराव' हा सिनेमा मी उशिरा, घरी टीव्हीवर पाहिला. आमचे आबा म्हणतात, सिनेमातलं गाणं ते काही खरं गाणं नाही, जुनं ध्वनिमुद्रण ऐक. तुमचं मत?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : आबांना नमस्कार सांगा आणि त्यांच्यासोबत बसून सिनेमा पुन्हा बघा, या वेळी हेडफोन लावून किंवा निदान चांगल्या स्पीकरवर. 2022 साली तो लागला तेव्हा मी थिएटरात दोनदा पाहिला. नातवानं आजोबांची भूमिका करायची आणि गायचंही स्वतःच, यात नक्कल होण्याची केवढी भीती! पण हे नातू, राहुल देशपांडे, नक्कल करत नाहीत. गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ध्वनिआरेखनासाठी, म्हणजे साऊंड डिझाइनसाठी, अनमोल भावे यांनाही मिळाला, आणि माझ्या लेखी हा दुसरा पुरस्कार तितकाच मोलाचा. या सिनेमात गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो.

लाहोरला असदअली खाँसाहेबांकडे वसंतराव मारवा शिकले, तो भाग मला सगळ्यात जवळचा वाटला. मारव्यात षड्ज सहजी मिळत नाही. कोमल रिषभावर, धैवतावर गाणं अधांतरी लटकत राहतं आणि ऐकणारा घरी परतायची वाट बघतो. नागपुरात वाढलेला, पुढं लष्करी हिशेबखात्यात नोकरी करत गात राहिलेला हा माणूस आणि तो राग, दोघांची तगमग एकच आहे. दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी यांनी ती समजून घेतली आहे. उत्तरार्ध थोडा पसरला, हे मान्य.

आबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सिनेमातला राग काही मिनिटांत आटपतो, संथ लयीत सावकाश उलगडणारा विलंबित ख्याल तिथं मावत नाही. म्हणून सिनेमानंतर वसंतरावांचा मारवा पूर्ण ऐका, दिवा लावायच्या वेळी. आणि 'कट्यार काळजात घुसली'मधले त्यांनी रंगवलेले खाँसाहेब ऐकायचे राहिले असतील तर तेही ऐका. 1967चं ते नाटक लिहिलं पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी, म्हणजे आपल्याच नागपूरकरानं.

प्रश्न : तुम्हाला मोठा आवाज आवडत नाही. मग 'झुंड' हा सिनेमा कसा आवडला? त्यात तर डीजे आहे!
– एक वाचक, इंदोरा

उत्तर : मोठा आवाज नव्हे, जागा चुकलेला आवाज मला नको असतो. आंबेडकर जयंतीच्या त्या प्रसंगात पोरं नाचतात तेव्हा छातीत धडधडायलाच हवं. तिथं आवाज कमी केला असता तर तो प्रसंग खोटा वाटला असता. नागराज मंजुळे यांनी आपल्या वस्त्यांतल्या पोरांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. अमिताभ बच्चन समोर असूनही माझी नजर अंकुश गेडामवरून हटली नाही. सिनेमा तीन तासांच्या घरात जातो, मला एकदाही घड्याळ बघावंसं वाटलं नाही.

प्रश्न : आठ वर्षांच्या नातीला मैफलीला न्यावं का?
– एक आजी, धरमपेठ

उत्तर : जरूर न्या. आधी पोटभर खाऊ घाला, कडेची जागा घ्या. गाण्याआधी तानपुरे जुळतात ते तिला दाखवा, ती ते टक लावून बघेल. झोप आली तर मध्यंतराला घरी या. पुढच्या महिन्यात पुन्हा न्या.